क्लच 22 हजारांचा, की ट्रॅक्टर साडेसात लाखांचा?

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. 7 एकर जमीन, सोयाबीन-तूर-हरभरा, आणि 2011 साली वडिलांनी घेतलेला महिंद्रा 475. यंदा नांगरटीला क्लच स्लिप व्हायला लागला: इंजिन ओरडतं, ट्रॅक्टर पुढं सरकत नाही, करपल्याचा वास येतो. मेकॅनिकने प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, लेथचं काम आणि मजुरी धरून 22,000 सांगितले. धाकटे बंधू म्हणतात, "या डब्यात अजून किती पैसा घालायचा? नवा घेऊ." डीलर जुना 1,90,000 ला धरतोय. नवा 7,40,000 ला पडतोय. उरलेल्या साडेपाच लाखांना 12 टक्क्यांनी 5 वर्षांचं कर्ज, सहामाही हप्ता. काय करावं?

नमस्कार. आधी क्लच बसवा. नव्याचं पुढं बघू. कारणं सांगतो.

साडेपाच लाखांचा सहामाही हप्ता साधारण 74,700 येतो. असे 10 हप्ते म्हणजे 7,47,000, त्यातलं व्याज 1,97,000. डीलरच्या कागदावर "फक्त दोन हप्ते वर्षाला" असं लिहिलेलं असतं, ते वाचताना सोपं वाटतं. तेच सोयाबीनमध्ये मोजा. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. त्या भावाने एका हप्त्याला 14 क्विंटल लागतात, वर्षाला 28. एकरी 7 क्विंटल उतारा पडतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे सगळं सोयाबीन 49 क्विंटल. अर्ध्याहून जास्त माल हप्त्यात गेला, आणि तोही हमीभाव मिळाला तर. बाजार समितीत काय भाव फुटतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता भाड्याच्या कामातून गेल्या वर्षी 95,000 राहिले, आणि स्वतःची मशागत भाड्याने करून घेतली असती तर 40,000 गेले असते, असा तुमचा हिशोब आहे. हे 1,35,000 जुना ट्रॅक्टर आजही मिळवून देतो. नव्याने यात भर किती पडेल? डिझेल थोडं वाचेल, हंगामात बंद पडणार नाही. सढळ हाताने धरले तरी वर्षाला 25,000. पण तुमच्याच गावात दोन वर्षांत तीन नवे ट्रॅक्टर आलेत, त्यामुळे भाड्याचं काम वाढायची आशा नाही. म्हणजे 25,000 च्या फायद्यासाठी वर्षाला दीड लाखाचे हप्ते. भावाला हाच आकडा दाखवा, माझं नाव सांगायची गरज नाही.

22,000 देण्याआधीही एक गोष्ट तपासून घ्या. पत्रात एक वाक्य आहे की मागच्या वर्षी गेअर खरखरत होता म्हणून ड्रायव्हरने क्लचचा दांडा आवळून घेतला. मला संशय इथेच आहे. इंजिन बंद करून क्लचचं पेडल हाताने दाबा. जोर लागायच्या आधी ते साधारण इंचभर मोकळं हललं पाहिजे. नेमकं माप तुमच्या पुस्तिकेत असेल. अजिबात मोकळं हलत नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) सतत प्रेशर प्लेटच्या फिंगरवर, म्हणजे बोटांसारख्या पट्ट्यांवर, टेकून राहतं, प्लेट पूर्ण दाबली जात नाही आणि स्लिप होते. दांड्याचा लॉकनट सैल करून मोकळीक परत द्यायची, अर्ध्या तासाचं काम. प्लेटवरची लायनिंग घासत जाते तशी ही मोकळीक आपोआप कमी होते, म्हणून ती अधूनमधून बघावीच लागते. ॲडजस्ट करूनही ओझ्यावर स्लिप होत असेल तर मात्र प्लेट गेली. मग चालढकल नको, कारण तापलेला क्लच फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या मागचं जड चाकही खराब करतो आणि 22 चे 30 व्हायला वेळ लागत नाही.

काम करायचंच ठरलं तर कंजुषी कुठे करू नये तेही सांगतो. क्लचसाठी ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो, आणि मजुरीचा मोठा भाग त्याचाच असतो. म्हणून प्लेट नवी आणि बेअरिंग जुनंच, असं करू नका. क्रँकच्या मागचं आणि गेअरबॉक्सच्या शाफ्टचं ऑइल सील त्याच वेळी बदला. काही शेकड्यांचं सील वाचवलं आणि नव्या प्लेटवर ऑइल आलं, तर तीच मजुरी पुन्हा भरायची. फ्लायव्हील लेथवर साफ करून घ्या, प्रेशर प्लेटची तिन्ही फिंगर एका उंचीला लावलीत का ते उभं राहून बघा, आणि जुने भाग घरी घेऊन या. सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि त्याच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला आहे. तेव्हा पक्कं बिल मागा आणि त्यावरचा कर वाचा.

पैसे आणायचे कुठून? सावकार नको, दागिनेही नकोत. तुमचं किसान क्रेडिट कार्ड आहे. त्याची मर्यादा ठरवताना पिकाच्या खर्चावर 20 टक्के रक्कम शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठीच धरलेली असते. तीन लाखांपर्यंत 7 टक्के व्याज, आणि वेळेत फेडलं तर 3 टक्के सवलत. क्लच यात आरामात बसतो.

मी नव्याच्या विरोधात नाही. ट्रॅक्टर उघडल्यावर मेकॅनिकला स्पष्ट विचारा: इंजिन निळा धूर देतं का, गेअरबॉक्सला आवाज आहे का, हायड्रॉलिक ओझं धरतं का. या सगळ्याचा वर्षभरातला अंदाज 75,000 च्या, म्हणजे एका हप्त्याच्या वर जात असेल, तर क्लच बसवून ट्रॅक्टर विकायला काढा. बसवूनच, कारण चालू क्लचवर बाहेरचा व्यापारी 2,40,000 देतोय असं तुम्ही लिहिलंय. डीलर 1,90,000 म्हणतो तेव्हा 22 हजारांच्या दुरुस्तीचे तो तुमच्याकडून 50 कापतोय.

तसं नसेल तर तीन वर्षं हाच चालवा, आणि दरवर्षी सोयाबीन विकलं की 50,000 बँकेत मुदत ठेवीत टाका. हप्ताच समजा, फक्त स्वतःच्या खात्यात भरलेला. तीन वर्षांनी दीड लाख आणि वर व्याज हाताशी असेल. त्याच दरम्यान राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी अर्ज टाकून ठेवा. तुमची जमीन 2 हेक्टरच्या वर आहे, त्यामुळे अल्पभूधारक म्हणून जास्तीचं अनुदान मिळणार नाही. पण वहिनींच्या नावे सातबारा असेल तर अर्ज त्यांच्या नावाने करा. पूर्वसंमती येण्याआधी ट्रॅक्टर घेतला तर अनुदान जातं. डीलर "आधी गाडी न्या, कागद नंतर बघू" म्हणेल, ऐकू नका.

आणि हो, 2011 ची नोंदणी म्हणजे 2026 मध्ये आरसीची 15 वर्षं भरतात. आरटीओकडे तपासणी करून ती 5 वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागेल. त्याचा आणि विम्याचा खर्च या 22,000 मध्ये धरलेला नाही, तो वेगळा बाजूला ठेवा. क्लच मात्र एप्रिलच्या नांगरटीआधी बसला पाहिजे, भाड्याचे 95,000 त्याच हंगामात येतात. आणि ड्रायव्हरला सांगा, काम चालू असताना क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही.