जिद्द नेमकी कशाची?

"पद्धत बदलली तर मी हरले असंच होईल ना?" दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वडापावच्या गाडीवाल्यापासून नोकरी सोडून स्टार्टअप काढणाऱ्यापर्यंत सगळे विचारतात. त्यातल्याच या ताई. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

लोअर परळच्या ऑफिसांना डबे पुरवायच्या. करोनानंतर त्यांची गिऱ्हाइकं आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला येऊ लागली, तरी यांचा महिनेवारी डबा सोमवार ते शनिवार तसाच. अन्न उरायचं, वाण्याची उधारी वाढायची, नवऱ्याशी वाद. मी काही सुचवलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, सासूबाईंनी गिरणी कामगारांची खानावळ चालवली. संपातही चूल विझू दिली नाही. मी कशी माघार घेऊ?"

अशा वेळी जिद्दीचं कौतुक करणं सोपं असतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेवरची; परिस्थितीआधी तिच्याबद्दलचा समज तपासते.

एका भेटीत विचारलं, "८२च्या संपात कितीतरी कामगार गावाला गेले. मग खानावळीत जेवायचं कोण?"

"कोणी नाही. बंदच पडली ती."

"आणि चूल?"

"बारशाच्या, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या. पोळ्या लाटून…" त्या थांबल्या. मग हसूच लागल्या. "म्हणजे खानावळ सोडली की हो त्यांनी!"

मी गप्प राहिले. योग्य वेळी गप्प बसणं ही आमच्या कामातली अर्धी कला, आणि ती मला जमते.

अशा माणसांना मी कागदावर दोन गोष्टी लिहायला लावते: धंदा कशासाठी काढला आणि आज तो कसा चालवता. पहिलीला धरून राहा, दुसरी खुशाल मोडा. मात्र एकदम नाही. थोडे पैसे लावा आणि थांबायची तारीख आधीच ठरवा, कारण तोट्याच्या संध्याकाळी घेतलेला निर्णय बहुधा रागाचा असतो. आजवर किती ओतलं, तो आकडा कागदावर नको. धंदा ठेवलात काय, सोडलात काय, तो पैसा गेलेलाच आहे. दर महिन्याला नवी कल्पना काढणाऱ्यांना मात्र मी त्या तारखेपर्यंत हलू देत नाही.

ताईंनी ऑफिसचे डबे मंगळवार ते गुरुवार ठेवले. बाकी दिवस आसपासच्या एकट्या ज्येष्ठांसाठी कमी तिखटाचं जेवण. सुरुवातीला फार काही सुटलं नाही. एका मदतनीस बाईंना कमी करावं लागलं, ते ताईंना अजून खुपतं. सध्या आमचं बोलणं त्यावरच चालू आहे.