वाचकांचे प्रश्न : छापण्याआधीचा पाठ गूगल डॉक्सवर कसा तपासावा?

प्रश्न : आम्ही देवगड परिसरातले काही शिक्षक चौथीसाठी समुद्रकिनारा, कांदळवने आणि मासेमारी यांवर पूरक पुस्तिका लिहितो आहोत. वर्ड फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि आता ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल नवी’ यांतली खरी कोणती ते कळत नाही. गूगल डॉक्सवर हे काम कसं करावं? छापण्याआधी मजकूर बाहेर जाऊ नये, हीही काळजी आहे.

उत्तर : एका पाठाची एकच फाइल ठेवा. पूर्ण पुस्तिका एका डॉकमध्ये घालू नका. फोटो वाढले की ती मोबाइलवर उघडायलाच वेळ लागतो.

‘शेअर’मध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून प्रत्येकाचा जीमेल पत्ता घाला. ‘एनीवन विथ द लिंक’ निवडलंत, तर लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली की पाठ कुणीही वाचू शकतो. बाहेरच्या तपासनीसांना फोल्डर देऊ नका, फक्त फाइल द्या. फोल्डर दिलात, तर त्यात पुढे जे टाकाल तेही त्यांना आपोआप दिसतं, आणि उत्तरसूची अशीच फुटू शकते.

‘एडिटर’ दोघेच असावेत : पाठाचे लेखक आणि संपादक. बाकी सगळे ‘कमेंटर’. कमेंटरने मजकुरात बदल केला तरी तो सूचना म्हणूनच उमटतो, मूळ वाक्य शाबूत राहतं. शेअरच्या चौकटीतलं गिअरचं चिन्ह दाबून एडिटरला असलेली इतरांना परवानगी देण्याची आणि बाकीच्यांना डाउनलोड, प्रिंट, कॉपी करण्याची मुभा काढून टाका. स्क्रीनशॉट मात्र यानेही थांबत नाही. म्हणून उत्तरसूची आणि चाचणीचे प्रश्न वेगळ्या फाइलमध्येच ठेवा.

तपासणीची प्रत्येक फेरी सुरू होण्याआधी फाइल मेनूतल्या ‘व्हर्जन हिस्टरी’त जाऊन आवृत्तीला नाव द्या, उदाहरणार्थ ‘पाठ 3, विषयतज्ज्ञांआधी’. काही बिघडलं तर तिथे परत जाता येतं. फेऱ्याही वेगळ्या करा : आधी विषयाची, मग भाषेची. दोन्ही एकदम चालवल्या, तर उद्या गळणाऱ्या परिच्छेदातल्या वेलांट्या आज कुणीतरी दुरुस्त करत बसतो.

शेरा कसा लिहावा, हे सगळ्यांना आधीच सांगा. ‘हे नीट नाही’ या शेऱ्याचा लेखकाला काही उपयोग नाही. समजा पाठात ‘पावसाळ्यात मासेमारी बंद असते’ असं वाक्य आहे. उपयोगी शेरा असा : ‘अपुरं. राज्यात 1 जून ते 31 जुलै ही बंदी यांत्रिक नौकांना आहे, बिगरयांत्रिक होड्यांना नाही. मत्स्य विभागाचा यंदाचा आदेश पाहावा.’ चूक, दुरुस्ती आणि आधार, तिन्ही त्यात आहेत. बंदरावरच्या मुलाच्या घरची होडी जुलैतही पाण्यात असते. पाठ्यवाक्य चुकलं, तर त्याचा पुस्तकावरचा विश्वास उडतो. दोन शेरे परस्परविरोधी आले तर निर्णय संपादकाने घ्यावा, त्यामागचं कारण त्या शेऱ्याखालीच लिहावं आणि मगच ‘रिझॉल्व्ह’ करून शेरा बंद करावा.

प्रश्न : आमचा मजकूर श्रीलिपीत टाइप केलेला आहे. डॉक्सवर चढवला की अगम्य अक्षरं दिसतात. (गुहागर)

उत्तर : तो जुना फॉन्ट डॉक्समध्ये नाही, म्हणून असं होतं. आधी कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत आणा, मग चढवा. त्यानंतर ‘किनाऱ्यावर’, ‘खाऱ्या’, ‘पर्यटन’ यांसारखे शब्द शोधून पाहा. ऱ्य, रफार आणि जोडाक्षरं इथेच तुटतात. अंक आणि अवतरणचिन्हंही बदललेली असतात. मांडणी झाल्यावर पीडीएफ ड्राइव्हवर ठेवा. त्यावरही शेरे देता येतात, आणि ही फेरी टाळू नका : मांडणीसाठी मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये नेला, तर नव्या चुका शिरतात.

प्रश्न : पावसात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात. तपासणी थांबवायची का? (श्रीवर्धन)

उत्तर : नको. रेंज असतानाच डॉक्स अ‍ॅपमध्ये फाइलसमोरच्या तीन ठिपक्यांवरून ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ करून ठेवा. परिच्छेदांना क्रमांक द्या, वाचताना क्रमांकासह वहीत टिपणं काढा आणि रेंज आली की शेरे टाका. तेवढ्या काळात लेखकाने परिच्छेदांचा क्रम बदलू नये, एवढं आधी ठरवून घ्या.