परिषदेत मंत्री बोलले, कार्यालय म्हणतं काही आलं नाही : त्या दिवसाच्या कार्यवाहीचं करायचं काय?

मॅडम, तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं प्रकरण पुन्हा वाचतोय असं वाटलं. तुमच्या अंशतः अनुदानित शाळेच्या अनुदानाच्या पुढच्या टप्प्याचा (असं अनुदान टप्प्याटप्प्याने वाढतं) विषय विधान परिषदेत निघाला, मंत्री 'लवकरच निर्णय घेऊ' म्हणाले, क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरली, आणि शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेल्यावर 'आमच्याकडे काही आलेलं नाही' एवढंच ऐकायला मिळालं. आता त्या दिवसाची कार्यवाही, म्हणजे सभागृहात काय बोललं गेलं त्याची नोंद, काढून साहेबांपुढे ठेवावी का, असं तुम्ही विचारलंय. कार्यवाही जरूर काढा. पण ती आधी स्वतः नीट वाचा, टेबलावर ठेवायची घाई करू नका.

आधीच सांगतो, मी वकील नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं, संघटनेचं काम केलं आणि वाढीव पदांच्या मान्यतेसाठी बरीच वर्षं घालवली, त्यातून जे कळलं तेवढंच लिहितोय. नियम बदलतात, त्यामुळे सध्याचे एकदा तपासून घ्या. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर काय कुठे सापडतं, माहिती अधिकाराचा अर्ज कसा असतो, यात शिरत नाही. ते तुम्हाला ठाऊक असणारच.

पहिली गोष्ट, विषय कोणत्या आयुधाखाली, म्हणजे सभागृहात विषय मांडायच्या कोणत्या मार्गाने, निघाला ते बघा. बातमीत सरसकट 'विधान परिषदेत मंत्र्यांची माहिती' असं छापतात आणि तिथेच गफलत होते. तारांकित प्रश्न (ज्याचं सभागृहात तोंडी उत्तर मागता येतं तो) असेल तर त्याचं लेखी उत्तर त्या दिवसाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत आधीच छापलेलं असतं. प्रश्नोत्तरांच्या तासाभरात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं नुसती पटलावर, म्हणजे सभागृहाच्या नोंदीत, जातात. तुमचा प्रश्न पुकारला गेला असेल, तर मंत्र्यांचे महत्त्वाचे शब्द छापील उत्तरात नसतात. सदस्य उपप्रश्न विचारतात, त्याला मंत्री तोंडी जे बोलतात त्यात ते असतात. म्हणजे यादीत 'प्रश्न उद्भवत नाही' असं छापलेलं आणि सभागृहात 'महिनाभरात बैठक घेतो' असं बोललेलं, ही दोन्ही एकाच दिवशीची आणि दोन्ही खरी असू शकतात. कार्यालयवाले यादी दाखवतात, आपण क्लिप दाखवतो, आणि वाद तिथेच अडकतो. त्यामुळे यादीवर थांबू नका. प्रतिवेदकांनी शब्दशः लिहून घेतलेली कार्यवाही काढा.

लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) असेल तर मंत्र्यांचं निवेदन आणि त्यावरचे प्रश्न, दोन्ही वाचा. परिषदेच्या नियमांतली नियम 97 ची अल्पकालीन चर्चा किंवा 260 चा प्रस्ताव असेल तर मंत्र्यांचं उत्तर लांबलचक असतं आणि तुमच्या विषयावर त्यात एखादंच वाक्य सापडतं. औचित्याचा मुद्दा किंवा विशेष उल्लेख असेल (यांत सदस्य विषय नुसता सभागृहासमोर मांडतात) तर मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असं नसतं. तेव्हा क्लिपमध्ये आपले आमदार कितीही पोटतिडकीने बोलताना दिसले, तरी सरकार काय म्हणालं हे वेगळं शोधावं लागतं. नियम 289 ची सूचना, म्हणजे ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून चर्चा घ्या ही मागणी, बहुतेक वेळा मान्य होत नाही. मात्र ती मांडताना सदस्य दोन मिनिटं बोलतात आणि कधी कधी सभापती शासनाला निदेश देतात. तसे निदेश दिले असतील तर ते वाक्य अधोरेखित करून ठेवा.

आता आमचं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं ते सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही.

आमच्या पदांवरचा तारांकित प्रश्न पुकारला गेला. उपप्रश्नावर मंत्री म्हणाले, माहिती मागवली आहे, ती आली की प्रस्ताव वित्त विभागाकडे पाठवू. आम्ही आनंदाने छापील उत्तर घेऊन त्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाने सांगितलं, कार्यवाहीची प्रत आणा. ती आणली. तिच्यावर 'असुधारित प्रत' (अजून तपासून अंतिम न केलेली) असं छापलेलं होतं, म्हणून ती चालणार नाही, प्रमाणित आणा. मग प्रमाणित प्रतीसाठी अर्ज, पाठपुरावा, मुंबईच्या खेपा. ती मिळाल्यावर साहेब म्हणाले, 'यात आमच्या कार्यालयाला कुठे आदेश आहे?' त्या वाक्यापुरतं ते बरोबर होते. मंत्र्यांचं सभागृहातलं बोलणं म्हणजे शासन निर्णय नव्हे. पण हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. लोकांना एकेका कागदासाठी पळवायचं आणि शेवटी त्या कागदाचा काही उपयोगच नव्हता असं सांगायचं, हा छळ आहे. मला त्याची आजही चीड येते.

खरी गोष्ट पुढे निघाली. मंत्रालयातल्या संबंधित कार्यासनाची (विषय हाताळणाऱ्या शाखेची) फाईल माहिती अधिकारात पाहायला मिळाली. मंत्र्यांनी जी 'माहिती मागवली आहे' म्हणून सांगितलं होतं, ती ज्या कार्यालयांकडून मागवली होती त्यांत हेच कार्यालय होतं. संचालनालयाचं पत्र, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, सगळं फाईलला लावलेलं होतं. बाकी कार्यालयांची माहिती आली होती, आमचीच नव्हती. आम्हाला प्रमाणित प्रतीच्या मागे पळवत होते, तेव्हा आमचाच अहवाल त्यांच्या कपाटात पडून होता. तेवढ्यात आमचे दोन सहकारी मान्यतेविना निवृत्त झाले.

म्हणून माझं ठाम मत सांगतो. कार्यवाहीतून आदेश शोधू नका, मंत्र्यांचं उत्तर कुठल्या कागदावरून तयार झालं ते शोधा. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी जाते. ती विभागाकडे येते, तिथून संचालनालय, उपसंचालक, जिल्हा अशी खाली उतरते आणि माहिती त्याच वाटेने वर चढते. 'आमच्याकडे काही आलेलं नाही' म्हणणाऱ्या कार्यालयाने बहुधा याच उत्तरासाठी माहिती पाठवलेली असते किंवा पाठवायची राहिलेली असते. तेव्हा माहिती अधिकाराच्या अर्जात 'पुढे काही केलं का नाही' असं विचारू नका, त्याला कोणी उत्तर देत नाही. अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या प्रश्नाच्या अनुषंगाने तुमच्या कार्यालयाला आलेली पत्रं, तुम्ही पाठवलेले अहवाल आणि त्यांचे जावक क्रमांक, एवढंच मागा. आपल्याकडे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, ते पथ्य पाळा, नाहीतर तेच कारण पुढे करतात. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील लगेच टाका. विनवण्या करत थांबू नका.

तसाच अर्ज विभागाच्या कार्यासनाकडेही करा. शिवाय ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं गेलं का, तेही विचारा. विधान परिषदेची स्वतःची आश्वासन समिती आहे आणि तिच्यापुढे विभागाच्या सचिवांना उत्तर द्यावं लागतं. 'निर्णय घेतला जाईल', 'प्रस्ताव सादर करू' यांचा पाठपुरावा करता येतो. 'तपासून पाहू', 'सकारात्मक आहोत' यांतून फार काही हाती लागत नाही. तुमच्या क्लिपमधलं 'लवकरच' मधेच कुठेतरी लटकतंय. त्याच्या आधी आणि नंतर मंत्री काय बोलले ते वाचल्याशिवाय मी काही सांगणार नाही. क्लिप कापलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या संघटनेतल्या अनेकांना पटत नाही. टप्पा अनुदान म्हणजे पैसा, आणि पैशाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. परिषदेत अर्थसंकल्पावर आणि पुरवणी मागण्यांवर (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चावर) चर्चा होते, पण मागणी मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार तिला नाही. धन विधेयकही ती फार तर 14 दिवस ठेवून घेऊ शकते. म्हणून परिषदेत उत्तर मिळालं की त्याच अधिवेशनाचं पुरवणी मागण्यांचं पुस्तक उघडा आणि शालेय शिक्षण विभागाच्या पानावर आपल्या बाबीसाठी तरतूद आहे का बघा. तरतूद असेल तर शासन निर्णयाची वाट बघण्यात अर्थ आहे. नसेल तर पुढच्या अधिवेशनाआधी विभागाकडे आणि आमदारांकडे तोच मुद्दा लावून धरा. सत्कार, पेढे, आभाराचे फलक हे सगळं शासन निर्णय निघेपर्यंत थांबू द्या. हे जरा कडवट वाटेल, पण आम्ही आधी सत्कार केला आणि नंतर तोच मुद्दा घेऊन पुन्हा जायला आमचेच लोक संकोचू लागले.

याचा अर्थ परिषदेत विषय नेण्यात फायदा नाही असा मुळीच नाही. 78 जणांच्या त्या सभागृहात शिक्षकांमधून 7 आणि पदवीधरांमधून 7 सदस्य निवडून येतात. आपले प्रश्न बारकाव्यानिशी मांडले जाण्याची तीच जागा आहे. ते स्थायी सभागृह आहे, विधानसभेसारखं विसर्जित होत नाही. रोजगार हमीची कल्पना रुजवणारे वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते आणि तो कायदा 1977 मध्ये झाला. या सभागृहाला शोभेचं म्हणणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो.

जाता जाता, तुमच्या शाळेतल्या किती जणांची नावं शिक्षक मतदारसंघाच्या यादीत आहेत? ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून याही वेळी असेलच असं नाही. माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या 6 वर्षांत किमान 3 वर्षं शिकवलेलं हवं, नमुना 19 भरायचा. पदवीधरांसाठी नमुना 18. आमदारांच्या स्वीय सहायकाला फोन करताना 'आमच्या शाळेतले सगळे मतदार आहेत' हे सांगता आलं तर फरक पडतो, हे अनुभवाने सांगतो. त्याच फोनवर मूळ सूचनेची प्रत आणि विभागाने सदस्याला काही लेखी कळवलं असेल तर त्याचीही प्रत मागा. ती बहुतेक वेळा लगेच मिळते, कारण त्यांनाही पाठपुरावा दाखवायचा असतो.

बैठकीची तारीख, प्रश्नाचा किंवा सूचनेचा क्रमांक आणि मंत्र्यांच्या उत्तराचा तो परिच्छेद इथे टाका. शाळेचं किंवा कोणाचं नाव नको. अर्जाचा मसुदा 150 शब्दांत बसवून देतो.