मुळांतली बुरशी आणि एम.एस्सी.चा पेच

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला मुळाच्या पेशींत वाढलेली मायकोरायझा (झाडाच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी) पाहिली, तेव्हापासून यातच संशोधन करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र घे. वनस्पतिशास्त्राकडे वळू का?

उत्तर : शाखेची चिंता फार करू नकोस. या विषयात सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र अशा सगळीकडून माणसं येतात. आधी हे बघ की हे काम तुला रोज करवेल का.

आर्बस्क्युलर मायकोरायझा, म्हणजे मुळाच्या पेशींत शिरणारा तिचा प्रकार, जिवंत मुळाशिवाय साध्या आगरवर (सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) वाढत नाही. आज प्लेट लावली आणि उद्या वसाहती मोजल्या, ही जिवाणूंची सवय इथे विसरायची. माती पाण्यात कालवून बारीक चाळण्यांतून गाळायची, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू वेचायचे, ते कुंडीतल्या रोपाला द्यायचे आणि काही महिने वाट पाहायची. मग मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक करून ट्रायपॅन ब्लूने रंगवायची आणि किती मुळांत बुरशी शिरली ते मोजत बसायचं. तुला दिसली ती सुंदर स्लाइड या सगळ्याच्या शेवटी येते! त्यातही मातीत स्फुरद जास्त झालं की झाड बुरशीला फारसा थारा देत नाही आणि अख्खा प्रयोग फिका पडतो.

एवढा धीर नसेल तरी दार बंद नाही. थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांशी सापडलेली, 1998 मध्ये वर्णन झालेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी मुळांत राहते, झाडाची वाढ सुधारते आणि तरीही प्लेटवर वाढते. ट्रायकोडर्मा या मातीतल्या बुरशीचंही तसंच. तिथे निकाल लवकर हाती येतात.

घरच्यांची धास्ती अगदीच निराधार नाही. पीएचडीनंतरची बरीच पदं प्रकल्पापुरती असतात. जैविक खतांच्या कंपन्यांत गुणवत्ता तपासणीची कामं मिळतात, पण पाकिटावरचे दावे तपासायची वेळ आली की आकडेवारीचं ज्ञान लागतंच. म्हणून शाखा कोणतीही घे, संख्याशास्त्र आणि डीएनएवरून बुरशी ओळखण्याचं तंत्र पक्कं कर. माझ्या मते सूक्ष्मजीवशास्त्रच ठेव, निर्जंतुक कामाचा तुझा हात इथे उपयोगी पडेल.

अर्ज भरण्याआधी एखाद्या प्रयोगशाळेत सत्रभर प्रकल्प मागून घे. तिथल्या पीएचडीच्या मुलांना एवढंच विचार : पहिली वापरण्याजोगी आकडेवारी मिळायला किती वेळ लागला, आणि तोवर काय करत होतात?