आधी नोंदणी, मग तारीख

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अमेरिकी महाविद्यालयांसाठीच्या ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जात चाचण्यांच्या विभागात पुढे द्यावयाच्या परीक्षाही विचारतात, तिथे डिसेंबरची सॅट ही प्रवेश चाचणी आणि मे महिन्यातील चार एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीच्या विषयवार परीक्षा, लिहून टाकाव्यात, नंतरचे नंतर पाहता येईल, असे तुला कोणीतरी सुचवले आहे. माझे म्हणणे एवढेच की, जिची नोंदणी झाली आहे आणि शुल्क भरले आहे, तीच परीक्षा अर्जात लिही.

सॅटचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. १ नोव्हेंबरच्या मुदतीत ‘अर्ली डिसिजन’चा, म्हणजे लवकर निर्णयाचा आणि प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे बंधन असलेला, अर्ज करणार असशील, तर डिसेंबरचे गुण त्या निर्णयाला सहसा उपयोगी पडत नाहीत, जानेवारीच्या नियमित मुदतीसाठी मात्र बहुतेक महाविद्यालये ते धरतात. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डने २०२४ मध्ये चाचणीची सक्ती परत आणल्याचे जाहीर केले, त्यामुळे तिथे तुझी तारीख पाहून गुणांची वाट पाहिली जाईल. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाच्या निर्णयात सॅट पाहतच नाही. तिथल्या तारखेची चिंता सोडून दे.

खरी मेख एपीमध्ये आहे. त्या परीक्षा मे महिन्यात होतात, निकाल जुलैत लागतो आणि प्रवेशाचे नियमित निर्णय त्यापूर्वीच, मार्चअखेरपर्यंत, आलेले असतात. म्हणजे तू लिहिलेल्या परीक्षा अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेत भरणार, पण त्या तू दिल्यास की नाही हे त्याला निर्णयाच्या वेळी कळणार नाही. ‘लिहून टाक’ हा सल्ला एवढा सर्रास दिला जातो तो याच भरवशावर, आणि मला त्याचा मनस्वी राग येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची बोर्डाची परीक्षा देऊन मे महिन्यात चार एपी देणार, असे तू खरोखर ठरवले आहेस का? एपीची नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यास बंद होते आणि परीक्षा घेणारी शाळा बाहेरच्या विद्यार्थ्याला जागा देईलच असे नाही, याची चौकशी तरी केलीस का? नोंदणी नसेल, तर लिहू नकोस.

माझ्या या हट्टापायी मुलांचे अर्ज फिके दिसतात, असे पालकांनी मला तोंडावर ऐकवले आहे. दिसत असतील. एक अतिशय हुशार मुलगा याच वादावरून माझ्याकडे यायचा थांबला, त्याची रुखरुख अजून जात नाही. पण नियम सैल करावा, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. अर्जातील माहिती खरी असल्याची ग्वाही देणारी सही शेवटी तुझी असते, तुझ्या बाबांची किंवा माझी नव्हे.

नोंदणी करूनही पुढे आजारपणामुळे किंवा बोर्डाच्या ताणामुळे परीक्षा राहून गेली, तर त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. मात्र पाठवलेला अर्ज त्या महाविद्यालयापुरता बदलता येत नाही, म्हणून प्रवेश कार्यालयाला दोन ओळींत तसे कळवावे.

या आठवड्यात एपीचे केंद्र असलेल्या शाळेत जाऊन समन्वयकांना भेट आणि जागा मिळेल का ते विचार. बोर्डाच्या परीक्षेपाठोपाठ चार एपी जड जातील, तेव्हा चारांपैकी कोणत्या दोन ठेवायच्या तेही ठरव. कॅल्क्युलस केवळ बाबांच्या आग्रहाखातर घेतले असेल, तर तसे स्पष्ट कळव. नोंदणीची पोच हाती आली की तो रकाना आपण भरू.