प्लांटपासून चार किलोमीटरवरचं घर

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा संध्याकाळी घाईघाईत, आणि मग रात्री भावाच्या घरी सगळे झोपल्यावर नीट. सध्या मी नागपुरातच आहे, प्रताप नगरला, महिनाअखेरपर्यंत. हाताशी वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझा प्रश्न असा: नवऱ्याला कॅनडात एजॅक्सला नोकरी लागली, मार्चमध्ये निघायचं. शेजारच्या पिकरिंगमध्ये एका बंगल्याचं बेसमेंट परवडणाऱ्या भाड्यात मिळतंय, पण ते अणुऊर्जा केंद्रापासून चार किलोमीटरवर आहे. लेक साडेतीन वर्षांची. सासूसासरे उन्हाळ्यात सहा महिने येणार. आणि सासऱ्यांनी चेर्नोबिलचा व्हिडिओ पाहून विषयच मिटवला, "काहून जाऊन राहिले मरायले? ब्रॅम्प्टनला घर पाहा."

मी २०१५ पासून एजॅक्सला राहते. आमच्या घरापासून केंद्र सहा किलोमीटर. दोन्ही मुलं तिथेच झाली. माझं मत आधीच सांगून टाकते: प्लांट जवळ आहे म्हणून ते घर सोडू नकोस. पण त्या बेसमेंटमधल्या रेडॉनचं, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूचं, घरमालकाशी पक्कं ठरल्याशिवाय आणि दाराशी स्वतःची गाडी असण्याची सोय झाल्याशिवाय तिथे जाऊही नकोस.

रोजच्या किरणोत्साराचं आधी सांगते, कारण भीती त्याचीच वाटते आणि त्यात दम सगळ्यात कमी आहे. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून कॅनडातल्या माणसाला वर्षाला सरासरी १.८ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणारा किरणोत्सार मोजायचं एकक) मिळतातच. छातीचा एक एक्सरे म्हणजे साधारण ०.१. केंद्रामुळे सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये असा कायदा आहे, आणि पिकरिंगच्या शेजाऱ्यांना प्रत्यक्षात मिळतं ते त्याच्या हजारात एखाद-दोन भाग. नागपूरहून दिल्लीमार्गे टोरांटोला विमानाने एकदा गेलीस तरी त्याच्या कितीतरी पट होईल. पिकरिंगच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात, त्यामुळे शेजारच्या ऑन्टारियो तळ्यात थोडा ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, जातो आणि एजॅक्सचं पाणी त्याच तळ्यातून येतं, हे खरं आहे. कॅनडाची मर्यादा लिटरला ७००० बेकरेल (पाण्यात किंवा हवेत किती किरणोत्सार आहे ते मोजायचं एकक) आहे. आमच्या नळाचं पाणी शंभराच्याही खूप खाली असतं. ते आम्ही रोज पितो.

तुझ्या लेकीचा प्रश्न मात्र मी असा दोन ओळींत संपवणार नाही.

मोठीच्या वेळी मला पाचवा महिना होता, तेव्हा जर्मनीतला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. १९८० ते २००३ या काळात तिथल्या १६ केंद्रांभोवतीची पाच वर्षांखालची मुलं त्यात पाहिली होती. पाच किलोमीटरच्या आत रक्ताच्या कर्करोगाची ३७ मुलं सापडली, सरासरीने १७ अपेक्षित होती. दुपटीहून जास्त. त्या रात्री मी झोपले नाही. नवऱ्याला उठवलं आणि म्हणाले, घर बदलू. त्याने वाद घातला नाही, फक्त म्हणाला, पूर्ण वाचून घेऊ नं. पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं तेच करत होतो. त्याच संशोधकांनी लिहून ठेवलंय की केंद्रातून येणारा किरणोत्सार इतका कमी आहे की त्याने ही वाढ होईल असं आजच्या विज्ञानाला सांगता येत नाही. कारण सापडलेलं नाही. ब्रिटनमधल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये तिथल्या केंद्रांभोवती पाहिलं, तशी ठळक वाढ दिसली नाही. ऑन्टारियोतल्या तिन्ही केंद्रांचा, म्हणजे पिकरिंग, डार्लिंग्टन आणि ब्रूसचा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यातही मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे पुंजके आढळले नाहीत. हे सगळं वाचून आम्ही तिथेच राहिलो. पण तो जर्मन आकडा मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू आई आहेस, तो तुला माहीत असलाच पाहिजे. तो कळल्यावर तुला राहवलं नाही, तर आठ-दहा किलोमीटरवर व्हिटबीच्या बाजूला घर बघ. कुणी वेड्यात काढलं तरी ऐकू नकोस.

आता सासऱ्यांचं चेर्नोबिल. तिथली भट्टी ग्रॅफाइटची होती आणि तिच्याभोवती पूर्ण कवच नव्हतं. पिकरिंगच्या भट्ट्या वेगळ्या घराण्यातल्या. आपल्या राजस्थानात रावतभाट्याला पहिली भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली, तेच हे घराणं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि पुढच्या भट्ट्या भारताने स्वतः बांधल्या. पिकरिंगला तळ्याकाठच्या पायवाटेने गेलीस की भट्ट्यांच्या घुमटांशेजारी एक भलीमोठी गोल इमारत दिसते. तिच्यातली हवा ओढून घेतलेली असते. आत कुठे वाफ फुटलीच, तर ती बाहेर न पडता या पोकळीत खेचली जावी म्हणून ती बांधली आहे. माझ्या बाबांना ती दाखवली तेव्हा ते पंधरा मिनिटं कठड्याला टेकून बघत उभे होते. तुझे सासरे विजेच्या खात्यातून निवृत्त झाले असं लिहिलंयस. त्यांना ती इमारत नक्की दाखव.

त्यांनी विचारलं, इथे कधी काही झालंच नाही का, तर खोटं सांगू नकोस. १९८३ मध्ये दुसऱ्या भट्टीची इंधन असलेली एक दाबनळी फुटली. १९९४ मध्ये त्याच भट्टीतून जड पाणी गळलं आणि आणीबाणीची शीतकरण व्यवस्था चालवावी लागली. ती भट्टी आणि तिसरी १९९७ पासून बंद आहेत, पहिली आणि चौथी २०२४ मध्ये कायमच्या थांबल्या. उरलेल्या चार त्यानंतरही चालू राहिल्या.

मला खरी शिकवण मिळाली ती १२ जानेवारी २०२० च्या सकाळी. रविवार होता, सात वाजून तेवीस मिनिटं. धाकटा पाच आठवड्यांचा, आई बाळंतपणासाठी आलेली, मोठी झोपलेली. घरातले सगळे फोन एकदम किंचाळायला लागले. संदेश होता: पिकरिंग केंद्रात घटना घडली आहे, नेहमीपेक्षा जास्त किरणोत्सार बाहेर पडलेला नाही, सध्या काही करण्याची गरज नाही. आईला इंग्रजी येत नाही. ती मला धरून विचारत होती, "काय म्हणून राहिलं ते? काय झालं?" मी ओट्यावर चढून वरच्या कप्प्यातलं आयोडीनच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि आतला बारीक अक्षरांचा कागद वाचायला लागले. एक महिन्याच्या आतल्या बाळाला पाव गोळी, एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत अर्धी. मी बोटांवर दिवस मोजले. पस्तीस. म्हणजे अर्धी. बाहेर उणे तापमान, नवरा रात्रपाळीला मिसिसागाला, आणि घरातली एकुलती गाडी त्याच्याकडे. निघा असा हुकूम आला असता, तर तान्हं बाळ, चार वर्षांची मुलगी आणि आई यांना घेऊन मी कशात बसून जाणार होते?

नऊनंतर दुसरा संदेश आला. पहिला चुकून गेला होता. पाळी बदलताना कुणीतरी चाचणी समजून खराच पाठवला. केंद्रात काहीही झालेलं नव्हतं. मला त्या चुकीचा राग अजून आहे, पण त्या दीड-पावणेदोन तासांत आमचं घर किती उघडं आहे हे मला दिसलं. तेव्हापासून गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. नवरा रात्रपाळीला असेल तेव्हा गाडी माझ्याकडे आणि तो ट्रेनने जातो. दोन गल्ल्यांपलीकडच्या तमिळ कुटुंबाशी ठरलंय, कुणीही आधी निघालं तरी दुसऱ्याच्या दारावर थाप मारायची.

त्या गोळ्यांबद्दल नीट समजून घे. दहा किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक घराला २०१५ मध्ये त्या फुकट वाटल्या, आणि ५० किलोमीटरच्या आतल्या कुणालाही मागवता येतात. त्या पन्नासात टोरांटो शहर जवळजवळ अख्खं येतं. आधीचा भाडेकरू पाकीट घेऊन गेला असेल, तर पहिल्याच आठवड्यात नवीन मागव. गोळी फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, बाकी कशापासून नाही, आणि आरोग्य अधिकारी सांगतील तेव्हाच घ्यायची. लेकीच्या वयाला एक, मोठ्यांना दोन. सासूबाईंना थायरॉइडचं औषध सुरू आहे म्हणालीस, तर त्यांच्या इथल्या डॉक्टरला निघण्याआधीच विचारून ठेव. शाळेतही साठा असतो. मुलांना कुठे हलवणार हे प्रवेशाच्या वेळी विचार. रस्त्यावरचे भोंगे तीन किलोमीटरपर्यंतच आहेत, तुझ्या घरी ते ऐकू येतीलच असं नाही. म्हणून सासूसासऱ्यांना तिथलं सिम घेऊन दे. आणि एक मराठी कागद फ्रिजवर लाव: फोन किंचाळला तर घरातच थांबा, खिडक्या बंद करा, मला फोन करा, आपल्या मनाने बाहेर पडू नका. आईसाठी मी लावलेला अजून तिथेच आहे.

घराच्या विम्यात अणुअपघात धरत नाहीत, हे तिथे सगळीकडेच तसं आहे. त्यासाठी वेगळा कायदा असून चालवणाऱ्या कंपनीवर एक अब्ज डॉलरची जबाबदारी आहे. भाडेकरू म्हणून तुला यात फार पडायची गरज नाही.

आता बेसमेंट. सासऱ्यांना किरणोत्साराची भीती आहे नं, तर तो प्लांटमध्ये शोधण्याआधी जमिनीखाली शोधायला सांग. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. फरशीच्या भेगांतून, पाइपांच्या कडेने तो आत येतो, आणि हिवाळ्यात खिडक्या बंद असल्या की बेसमेंटमध्ये साठतो. कॅनडात धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाचा कर्करोग होतो तो यामुळे. वर्षाला तीन हजारांच्या वर माणसं जातात. आणि आपल्यासारखे नव्याने आलेले लोक राहतात कुठे, तर बेसमेंटमध्येच. आमचं पहिलं घरही तसंच होतं. दीड वर्ष राहून झाल्यावर एका सहकारी बाईने सांगितलं म्हणून मापक आणला. काळ्या प्लास्टिकची, मुठीत मावेल एवढी डबी. पलंगाशेजारच्या शेल्फवर तीन महिने ठेवली आणि प्रयोगशाळेत पाठवली. घनमीटरला ३४० बेकरेल आले. २०० च्या वर गेलं तर उपाय करा असं सरकार सांगतं. मोठी तेव्हा त्याच खोलीत रांगत होती. प्लांटच्या भीतीने मी दोन आठवडे झोपले नव्हते, आणि ही डबी आणायचं मला तोवर कुणी सांगितलंही नव्हतं.

घरमालक आधी टाळत होता, मग रिपोर्ट पाहून तयार झाला. फरशीला भोक पाडून पाइप घातला, त्याला पंखा लावला, वायू बाहेर. एका दिवसाचं काम. पुन्हा मोजलं तेव्हा पन्नासच्या आत होतं.

तू आजच घरमालकाला लिही: रेडॉन कधी मोजला, आकडा किती, जास्त आला तर पंखा बसवाल का. मोजलेलाच नसेल, तर गेल्याबरोबर डबी ठेव, आणि पुढच्या हिवाळ्यात खिडक्या बंद असताना पुन्हा तीन महिने मोज. तो चिडला, तर दुसरं घर बघ.

ब्रॅम्प्टनचं एवढंच सांगते की तिथून एजॅक्सला नवरा रोज ४०१ नंबरच्या महामार्गावर सव्वा-दीड तास जाणार, तेवढाच परत येणार, बर्फातसुद्धा. आणि गाडी दिवसभर त्याच्याकडे.

रविवारी सकाळी दहानंतर मी तुमच्याकडे त्रिमूर्ती नगरला येते. गोळ्यांच्या पाकिटाचे फोटो आणि आमचे रेडॉनचे दोन्ही रिपोर्ट फोनमध्ये आहेत. सासऱ्यांना सांग, जे जे विचारायचंय ते कागदावर लिहून ठेवा. घरमालकाला मेल मात्र त्याआधी पाठव, म्हणजे त्याचं उत्तर आपण सगळे मिळून वाचू.