कम्यूटेटर सबग्रुपमधला प्रत्येक घटक कम्यूटेटरच असतो का?

नाही. पण परीक्षेच्या पेपरात 'हो' असं लिहिणारे दरवर्षी भेटतात, आमच्या सोलापुरात तरी.

ग्रुप म्हणजे एकामागोमाग करता येतील आणि उलटवता येतील अशा क्रियांचा संच. त्यातल्या क, ख या दोन क्रिया आणि मग त्यांच्या उलट क्रिया करून जे उरतं, तो कम्यूटेटर. आधी तो हातानं करून बघा. घरातला चौरस टेरी नॅपकिन घ्या. पाव वळसा डावीकडे (क), मग उलटा करा (ख), पाव वळसा उजवीकडे, पुन्हा उलटा. सगळं निस्तरलं असं वाटतं, पण नॅपकिन अर्धा फिरलेला असतो! क आणि ख यांचा क्रम बदलला की जो फरक पडतो, तो हाच. चादर आयताकृती, तिला फक्त अर्धा वळसा चालतो. तिच्यावर असं काहीही केलं तरी ती मूळ जागी येते, कारण तिच्या हालचालींचा ग्रुप आबेली आहे, म्हणजे क्रम बदलून फरक पडत नाही.

आता गोम. कम्यूटेटरचा इन्व्हर्स (उलट क्रिया) कम्यूटेटरच असतो, पण दोन कम्यूटेटरांचा गुणाकार (एकामागोमाग एक करणं) तसा असेलच याची हमी नाही. म्हणून कम्यूटेटर सबग्रुप त्यांनी 'जनित' केलेला असतो, म्हणजे त्यात कम्यूटेटरांचे सगळे गुणाकारही येतात. व्याख्येतला हा शब्द गाळू नका. का बिघडतं? क किंवा ख ला सेंटरमधल्या (ग्रुपच्या कुठल्याही घटकाशी क्रम बदलला तरी फरक न पडणाऱ्या) घटकानं गुणलं तरी कम्यूटेटर तोच राहतो. म्हणजे सेंटरचा इंडेक्स (ग्रुप सेंटरच्या किती पट मोठा आहे ती संख्या) न असेल, तर कम्यूटेटर जास्तीत जास्त न². सबग्रुप त्याहून मोठा निघाला की संपलं.

सगळ्यात लहान प्रतिउदाहरण ९६ ऑर्डरचं (९६ घटकांचं) आहे, त्यामुळे एस-३, एस-४ (तीन, चार वस्तूंच्या क्रमबदलांचे ग्रुप) चाळून काही सापडणार नाही. उलट सांत, नॉन-आबेली सिंपल (आणखी लहान ग्रुपांत न फोडता येणाऱ्या) ग्रुपमध्ये प्रत्येक घटक कम्यूटेटर असतोच: गणितज्ञ ओरेचा १९५१ चा अंदाज, सिद्धता २०१० मध्ये प्रसिद्ध झाली.